तक्रार क्रमांक अकराशे सत्तेचाळीस

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुलुंड पूर्वेच्या नवकिरण सोसायटीत बी विंगला पाणी आलं नाही. साडेसातपर्यंत कुणीही तक्रार केली नाही.

या दोन वाक्यांपैकी पहिल्यात विशेष काही नाही. पंप चालू करायला वॉचमन चंद्रप्रकाश अधूनमधून विसरतो. बातमी दुसऱ्या वाक्यात आहे. बी विंगमधल्या चोवीस घरांनी नळ उघडला, तो कोरडा खाकरला, आणि चोवीस घरांनी एकच विचार केला : तीनशे चारवाल्या खवणेकरांनी एव्हाना लिहिलं असेल. मग सगळे निवांत चहाची वाट बघत बसले. चहाला पाणी नव्हतं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

तीनशे चारमध्ये लवू खवणेकर बाल्कनीतल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. पंप बोलत नाहीये हे त्यांना सहा वाजून अकराव्या मिनिटालाच कळलं होतं. पण ते स्वतःच्या आत बघण्याचा प्रयत्न करत होते. हा त्यांचा तिसरा दिवस होता. आत अजून फारसं काही दिसलं नव्हतं. खरं सांगायचं तर आत दिवाच नव्हता, आणि त्याबद्दल कुणाकडे लिहायचं हा प्रश्न होता.

सात पस्तीसला बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिक बोराटे. तेही बी विंगमध्येच राहतात. कमरेला टॉवेल, गालावर वाळलेला साबण.

"काका, पाणी नाही."

"माहीत आहे," खवणेकर म्हणाले.

"मग लिहिलं नाहीत?"

"नाही."

बोराट्यांनी टॉवेलची गाठ आवळली. "तब्येत बरी आहे ना?"

आता थोडं मागे जाणं भाग आहे, पण फार नाही. खवणेकर चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. वाण्याचा तराजू, भंगारवाल्याचा काटा, पेट्रोल पंपाचं माप. जिथे जातील तिथे काय कमी आहे ते शोधायचं आणि नोंदवायचं. निवृत्तीनंतर खात्याने त्यांना शाल दिली, नजर मात्र परत घेतली नाही. त्याआधीही ती घरी यायचीच. नवकिरण सोसायटीच्या तळमजल्यावर वॉचमनच्या टेबलावर तक्रार वही असते : दिनांक, वेळ, फ्लॅट, तक्रार, कार्यवाही असे पाच रकाने. बावीस वर्षांत त्या वहीत अकराशे शेहेचाळीस तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यातल्या अकराशे दोन खवणेकरांच्या होत्या, आणि प्रत्येकीची सुरुवात एकच : 'सविनय निदर्शनास आणून देतो की'.

मागच्या रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात 'आनंद आपल्याच आत' या विषयावर क्षमाताई नावाच्या एका समुपदेशक बाईंचं व्याख्यान झालं. क्षमाताई चांगलं बोलल्या. सुख बाहेर शोधू नका, आहे त्यात बघा, रोजच्या साध्या गोष्टींत थांबा, वगैरे. खवणेकरांच्या पत्नी वनमालाबाईंनी मान डोलावत ऐकलं. खवणेकरांनी त्याच वेळात पंख्याचा आवाज, माइकची खरखर आणि उशिरा सुरू झालेली सतरा मिनिटं अशी तीन कलमं चिठ्ठीवर उतरवून सूचनापेटीत टाकली. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "बाई ठीक होत्या. पण पाण्याचा ग्लास अर्धाच भरलेला होता."

वनमालाबाईंनी रिक्षा थांबवली नाही, आवाजही चढवला नाही. फक्त मालवणीत आल्या. रागावल्या की त्या मालवणीत येतात.

"आता पुरे झाला हां. एकेचाळीस वर्सां ऐकतंय. सकाळी उठल्यार च्याय पातळ, रात्री झोपताना उशी कडक. ह्या माणसाक बरा काय दिसताच नाय."

दुसऱ्या दिवशी त्या बोरिवलीला मुलीकडे, दीप्तीकडे निघाल्या. भांडून नव्हे. डब्यात बेसनाचे लाडू भरून ठेवले, गॅसचा नंबर फ्रिजवर चिकटवला आणि अटी सांगितल्या.

"एकवीस दिवस. एकही तक्रार नाही. वहीत नाही, फोनवर नाही, तोंडाने नाही. जमलं तर मी येईन. रोज सकाळी नऊला फोन करीन. खोटं तुम्ही बोलणार नाही, एवढं मला माहीत आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"दीप्तीचं घर मोठं आहे. तिकडे माझ्याशी लोक बरं बोलतात."

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. खवणेकरांचं ते काळं शाईचं पेन, ज्याने अकराशे दोन नोंदी झाल्या होत्या, ते पर्समध्ये टाकलं. आणि पर्समधली घराची किल्ली काढून टीव्हीवर ठेवली. "ही ठेवून जाते. परत आले तर दार तुम्हीच उघडायचं."

तर तब्येत बरी होती. खवणेकरांनी बोराट्यांना एवढंच सांगितलं की आपण काही दिवस लिहिणं बंद केलं आहे. कारण सांगितलं नाही. आपली बायको आपल्याला कंटाळून बोरिवलीला गेली, हे साबण लावलेल्या माणसाला उंबऱ्यावर सांगायची गोष्ट नाही.

पहिला आठवडा इतरांच्या सल्ल्यांत गेला. समोरच्या तीनशे तीनमध्ये वसुधाताई लिमये राहतात, निवृत्त शिक्षिका. त्या रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊनच आल्या.

"हात पुढे करा. बी-ट्वेल्व्ह कमी झालं की माणूस असा गप्प होतो. आमच्या शाळेतल्या जोशीबाईंचं असंच झालं होतं. जिन्यातली फरशी उखडलीय, बघितलीत?"

"बघितली."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत!" वसुधाताईंनी पट्टा आणखी आवळला. "दिसतंय ना नीट? ही किती बोटं?"

"दोन."

"तीन आहेत. अंगठा धरून."

खवणेकरांच्या मनात एक वाक्य तयार झालं : अंगठा हे बोट धरायचं की नाही ते आधी सांगायला हवं होतं. त्यांनी ते गिळलं. दुपारपर्यंत सबंध विंगला कळलं की खवणेकरांची नजर गेली.

रोज नऊला फोन यायचा. वनमालाबाई विचारायच्या, "आज?" ते म्हणायचे, "चौथा." त्या म्हणायच्या, "बरं." फोन बंद. एकेचाळीस वर्षांच्या संसारात इतका वक्तशीर आणि नेमका संवाद त्यांच्यात कधी झाला नव्हता, आणि खवणेकरांना तो अजिबात आवडला नाही. हे मात्र ते कुणाला सांगू शकत नव्हते, कारण ती तक्रार झाली असती.

सहाव्या दिवशी लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबायला लागली. बोराटे पुन्हा वर आले. या वेळी शर्ट घालून, बगलेत तक्रार वही.

"काका, एक विचारू? रागावू नका. तुम्ही एकच नोंद करा. फक्त लिफ्टची."

"नियमात बसत नाही."

"अहो, कोणत्या नियमात? लिफ्टची देखभाल करणारे तक्रार क्रमांकाशिवाय माणूसच पाठवत नाहीत. मी सकाळी ठोकून दिला एक क्रमांक. आला त्यांचा माणूस. म्हणाला, नेमकं काय होतं? मी म्हटलं, थांबते. म्हणाला, कुठे? मी म्हटलं, मध्येच. त्याने सहा वेळा वर-खाली करून बघितली, एकदा थांबली नाही. 'दोष आढळला नाही' लिहून गेला. त्याची रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि लिफ्ट थांबली. आत दोनशे चारमधल्या राजेशची सासू होती, आणखी दोघींबरोबर."

खवणेकरांना माहीत होतं. लिफ्ट थांबते ती चौथ्या मजल्याच्या दोन इंच खाली, तेही वर जाताना, आणि आत दोनपेक्षा जास्त माणसं असतील तरच. त्यांनी पट्टीने मोजलं होतं. ओठ घट्ट मिटून ते लिफ्टच्या दाराकडे बघत राहिले.

"दुसऱ्या कुणाला लिहायला सांगा ना," ते म्हणाले.

"सांगितलं. वहीला कुणी हात लावत नाही. एकाने कागदावर लिहून दिलं, 'लिफ्टला काहीतरी झालंय'. यावर मी काय करू?" बोराटे उंबऱ्यावरच बसले. आवाज जरा उतरला. "खरं सांगू? सोमवारी सकाळी मी तुमची वही उघडून बसतो. त्यावरून प्लंबरला फोन, त्यावरून इलेक्ट्रिशियनला. मला वेगळं काही बघावंच लागत नाही. सहा वर्षं सेक्रेटरी आहे, सोसायटीचं मीटर कुठे आहे ते मला माहीत नाही."

इतकी वर्षं खवणेकरांची समजूत होती की बोराटे त्यांच्या नोंदी वाचून दात-ओठ खातात. ते खातच होते म्हणा. पण वाचत होते, ही माहिती नवी होती.

"सॉरी, बोराटे," ते म्हणाले. "अजून पंधरा दिवस."

"पंधरा दिवसांनी काय आहे?"

"ते सांगता येत नाही."

हे उत्तर देण्यात चूक झाली. गेलं वर्षभर नवकिरण सोसायटीत पुनर्विकासाचा विषय चालू आहे. तीन बिल्डरांचे प्रस्ताव आले आहेत, आणि कोणत्याही दोन सभासदांचं एका बिल्डरवर एकमत नाही. अशा सोसायटीत कुणी 'पंधरा दिवसांनी' आणि 'सांगता येत नाही' हे शब्द एका दमात उच्चारू नयेत. दोनशे चारमधला राजेश इन्शुरन्सची कामं करतो, त्यामुळे दोन आणि दोन यांची बेरीज तो नेहमी पाचच्या वर करतो. त्या संध्याकाळी त्याने जिन्यात खवणेकरांना गाठलं.

"काका, आपल्यात राहील. कोणता बिल्डर?"

"कसला बिल्डर?"

"अरे यार काका, माझ्यासमोर नको ना. सगळ्यात जास्त बोंब मारणारा माणूस एकदम चूप. काकी घरात नाहीत, म्हणजे सामान हलवायला सुरुवात. बिल्डिंगची वाट लागतेय आणि तुम्ही बघताय, म्हणजे ती धोकादायक ठरावी अशी कुणाची तरी इच्छा आहे. झकास प्लॅन आहे, मानलं. फक्त मला पण आत घ्या."

राजेश हे बोलताना जिन्यातल्या कुंडीत सिगारेट विझवत होता. त्या कुंडीबद्दल खवणेकरांनी यापूर्वी चौदा वेळा लिहिलं होतं. ते काही न बोलता वर गेले, दार लावलं आणि खुर्चीत बसले. चौतीस वर्षांत त्यांनी व्यापाऱ्याच्या दुकानात चहासुद्धा घेतला नव्हता. दिवाळीत कुणी बदामाचं पाकीट ठेवून गेलं तर ते वजन करून परत करत असत, म्हणजे आपल्याकडे असताना त्यातलं काही कमी झालं नाही हे सिद्ध व्हावं. आणि आता जिन्यातल्या कुंडीशेजारी उभं राहून कुणीतरी 'मला पण आत घ्या' म्हणत होतं. एक वाक्य बोललं असतं तर राजेशने एका जागेत घुसवलेल्या दोन स्कूटरी, बाल्कनीची वाढवलेली जाळी आणि कुंडी, तिन्हींचा हिशेब झाला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन आला.

"आज?"

"सातवा," ते म्हणाले.

"बरं," वनमालाबाई म्हणाल्या. पण या 'बरं'ला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला.

यानंतरच्या दिवसांत एक बारीकशी गोष्ट घडली. ती बातमी म्हणून छापण्यासारखी नाही, पण नोंदवायला हवी. लिहायचं नाही म्हटल्यावर खवणेकरांकडे वेळ खूप उरला. संध्याकाळी पाचला वसुधाताई वरच्या गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालतात आणि ते पाणी थेंबाथेंबाने खवणेकरांच्या बाल्कनीच्या कठड्यावर पडतं. या थेंबांवर त्यांच्या आठ तक्रारी आहेत. दहाव्या दिवशी ते त्याच थेंबांखाली बसले होते, आणि वरून गाणं ऐकू आलं. वसुधाताई गात होत्या. सूर जरा हलत होता, पण गाणं पूर्ण होतं, तिन्ही कडव्यांसकट. म्हणजे गेली कित्येक वर्षं रोज पाचला त्या गात असणार, आणि आपण फक्त थेंब मोजले.

आत काहीतरी हललं. आनंद म्हणावा इतकं मोठं नव्हतं ते. खवणेकरांनी घड्याळ बघितलं. सात मिनिटं टिकलं.

त्या सात मिनिटांत त्यांना कुंदाबाई आठवली. वीसेक वर्षांपूर्वी वर्सोव्याच्या बाजारात तपासणी होती. कुंदाबाई नावाच्या कोळिणीच्या तराजूत किलोमागे पन्नास ग्रॅमचा फरक निघाला. पण उलटा. वजनाच्या पारड्याखाली शिशाचा तुकडा होता, त्यामुळे गिऱ्हाइकाला जास्त मासळी जात होती. खवणेकरांनी तराजू जप्त केला.

"साहेब, जास्त दिलं त्यात कुनाचं पोट दुखलं?" ती म्हणाली होती.

"कायद्यात कमी आणि जास्त, दोन्ही चूकच."

"बरं. मग लिवा. पन तुमच्या वहीत जास्त लिवायला जागा हाय का?"

जागा नव्हती. त्यांनी 'दोष' या रकान्यात लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हा किस्सा वनमालाबाईंना हसत सांगितला होता. त्या हसल्या नव्हत्या. जेवण वाढेपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांना काय झालं, हे विचारायचं राहून गेलं होतं. वीस वर्षं राहून गेलं होतं.

विसाव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, पार्किंगमध्ये विशेष सर्वसाधारण सभा भरली. विषयपत्रिकेवर एकच विषय होता, 'इमारतीची सद्यःस्थिती', पण प्लास्टिकच्या सगळ्या खुर्च्या खवणेकरांकडे तोंड करून मांडल्या होत्या. सद्यःस्थिती अशी होती : लिफ्ट बंद, जिन्याच्या तीन फरश्या उखडलेल्या, टाकीचा फ्लोट अडकलेला, आणि वहीचं पान कोरं.

राजेश उभा राहिला. "माझा एकच प्रश्न आहे. बावीस वर्षं हा माणूस बोलत होता. आता गप्प का? कुणी गप्प केलं? सभासदांना कळायला पाहिजे ना."

"राजेश, बस खाली," वसुधाताई म्हणाल्या. "त्यांना दिसत नाही."

"दिसतं सगळं. बघा, माझ्याकडेच बघतायत."

खवणेकर खरंच त्याच्याकडे बघत होते. जिभेच्या टोकावर दोन स्कूटर, जाळी आणि कुंडी रांगेत उभी होती. एकदा तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटांत त्यांचं नाव स्वच्छ झालं असतं. ओरडणारा खवणेकर म्हणजे प्रामाणिक खवणेकर, हे सगळ्या सोसायटीला पाठ होतं. पण मग दिवस पुन्हा पहिला. आणि दीप्तीचं घर मोठं होतं.

ते उठले.

"माझी बायको बोरिवलीला आहे," ते म्हणाले. "मी सारखी तक्रार करतो म्हणून ती गेली. एकवीस दिवस तक्रार केली नाही तर येणार आहे. आज विसावा आहे. बिल्डर वगैरे काही नाही."

पार्किंगमध्ये इतकी शांतता झाली की टाकीतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मग मागून कुणीतरी फुस्सकन हसलं, आणि लगेच खोकला काढला.

"आधी सांगायचं ना, काका," बोराटे हळूच म्हणाले.

"सांगणं म्हणजेही एक प्रकारे..." खवणेकर थांबले. "असो. मी गप्प होतो, पण बघणं बंद करता आलं नाही. लिफ्ट चौथ्याच्या दोन इंच खाली थांबते. दोनपेक्षा जास्त माणसं असली तर, आणि वर जातानाच. फ्लोट अडकत नाही, त्याची दांडी वाकलीय. चंद्रप्रकाश पंप विसरतो, कारण त्याला रात्रपाळी आणि दिवसपाळी दोन्ही लावलीत. सहा वाजता तो बसल्या जागी झोपलेला असतो. फरश्या आपोआप उखडल्या नाहीत, खाली पाणी झिरपतंय. वसुधाताई पाचला गातात. चांगलं गातात. तिसरं कडवं जरा घाईत घेतात, पण चांगलं गातात. दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडीत जास्वंदीला कळी आलीय. राखेत आलीय, पण आलीय."

राजेशने खाली बघितलं. वसुधाताई लाल झाल्या.

"गाणं ऐकू जातं खाली?" त्या पुटपुटल्या. "अगंबाई."

बोराटे पाठकोऱ्या कागदावर भराभर लिहून घेत होते. "दांडी वाकलीय... दोन इंच... वर जाताना," ते स्वतःशी म्हणत होते, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर सेक्रेटरीला शोभेल असा आत्मविश्वास दिसत होता. सभा सात वाजता संपली. चंद्रप्रकाशची एक पाळी कमी करण्याचा ठराव एकमताने झाला. नवकिरणच्या इतिहासात एकमत ही घटना प्रथमच घडली, असं नोंद सांगते.

खवणेकर वर गेले ते मात्र अस्वस्थ होऊन. जे बोललो ती तक्रार होती का? 'सविनय निदर्शनास आणून देतो की' म्हटलं नव्हतं. वहीत लिहिलं नव्हतं. पण फ्लोटची दांडी ही फ्लोटची दांडीच. जास्वंद आणि गाणं वजा केलं तरी उरलेलं वजन किती भरतं? चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या काट्यावर शिक्के मारणाऱ्या माणसाला स्वतःचा काटा काही केल्या स्थिर करता येईना.

रविवारी नऊला फोन आला.

"आज?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"कालचा दिवस धरायचा की नाही, ते मला ठरवता येत नाहीये. सभेत बोललो. काय बोललो ते फोनवर सांगण्यासारखं नाही."

"तक्रार केलीत?"

"तेच तर सांगता येत नाही. आणि वनमाला... ती वर्सोव्याची कुंदाबाई आठवते तुला? जास्त देणारी?"

पलीकडून दीप्तीच्या घरातला मिक्सर तेवढा ऐकू आला.

"बरं," वनमालाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

हे 'बरं' कोणत्या वजनाचं होतं ते खवणेकरांना कळलं नाही. दुपारी जेवण करून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, घराला कुलूप लावलं, चेकनाक्यावर जाऊन बोरिवलीची बस पकडली. फोन करून जायचा विचार आला होता. पण काही गोष्टी समोरासमोरच तोलायच्या असतात. रविवार असूनही पवईला बस पाऊण तास एका जागी उभी राहिली. शेजारचा गृहस्थ म्हणाला, "काय हो हे ट्रॅफिक! कुणीतरी लिहायला पाहिजे." खवणेकर म्हणाले, "तळ्यात पाणी मात्र छान दिसतंय." गृहस्थाने जागा बदलली.

साडेपाचला ते दीप्तीच्या दारात पोचले.

"बाबा! तुम्ही इथे? अहो, आई तर मुलुंडला गेली."

"कधी?"

"तीनला निघाली. म्हणाली, तुमच्या बाबांना काय झालंय ते जाऊन बघते. फोन इथेच राहिला तिचा, चार्जिंगला लावलेला. बसा ना, चहा टाकते."

"सांगून निघायला काय होतं हिला?" खवणेकर म्हणाले.

दीप्ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, ही मोजू का मी?"

ते उभ्या उभ्या पाणी प्यायले. ग्लास पूर्ण भरलेला होता. तसं त्यांनी दीप्तीला सांगितलंही. मग ते परत निघाले. घराला कुलूप होतं, एक किल्ली त्यांच्या खिशात होती आणि दुसरी टीव्हीवर.

सात वाजून चाळीस मिनिटांनी ते नवकिरणच्या फाटकात आले. चंद्रप्रकाश टेबलाशी होता, आठ तासांची झोप झाल्यासारखा ताजातवाना.

"काकी आली होती?"

"आयी थी. ऊपर गयी, नीचे आयी. फिर इसमें कुछ लिखा."

"आता कुठे आहे?"

"वो नहीं लिखवाया मेरे को. बाहर तो नहीं गयी."

तक्रार वही टेबलावर उघडीच होती. पानावर आडवं ठेवलेलं त्यांचं काळं पेन. त्याखाली वनमालाबाईंचं उभट अक्षर :

'क्रमांक ११४७. रविवार, सायं. ५.३५. बी विंग, फ्लॅट ३०४. सविनय निदर्शनास आणून देते की सदर फ्लॅटला कुलूप आहे. येथील गृहस्थ गेली बावीस वर्षे रविवारी दुपारी घर सोडून कोठेही गेलेले नाहीत. आजच गेले. त्वरित शोध घ्यावा.'

खवणेकरांनी नोंद एकदा वाचली, मग सवयीने तपासली. दिनांक होता. वेळ होती, मिनिटांसकट. फ्लॅट क्रमांक बरोबर. दोष नेमका सांगितला होता. कमी असं काही सापडलं नाही. उलट रकान्याबाहेर समासात एक ओळ जास्त होती :

'सोबत बांगडे आणले आहेत. फार वेळ राहणार नाहीत.'

त्यांनी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर तीनशे चारमध्ये अंधार होता. तीनशे तीनमध्ये दिवा होता, पण तो रोजच असतो. ते वॉचमनच्या स्टुलावर बसले, पेनचं टोपण काढलं आणि 'कार्यवाही' या रकान्यावर टोक धरलं. बावीस वर्षांत त्यांनी त्या रकान्यात कधी लिहिलं नव्हतं; तो नेहमी दुसऱ्यांनी भरायचा असे.

आठ वाजेपर्यंत मिळालेल्या माहितीनुसार, रकाना कोरा होता.